फुलपात्रावरचं नाव

गुरुवार, १४ डिसेंबर २०२३

आईचं वय एकोणऐंशी आणि तिच्या मामाला जाऊन यंदा ऐंशी वर्षं. म्हणजे दोघांनी एकमेकांना पाहिलंच नाही. तरी 'आज भाऊमामा असता तर' हे वाक्य आमच्या घरात इतकं चालायचं की तो बाहेरगावी नोकरीला आहे आणि दिवाळीला येईल, असं लहानपणी मला खरोखर वाटायचं.

भाऊमामा इंदूरचा. जन्म १९२१, होळकर कॉलेजात इंटर, १९४२ मध्ये इंदूरजवळच्या महूच्या ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये, तिथून इमर्जन्सी कमिशन म्हणजे युद्धकाळापुरतं अधिकारीपद, मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण. डिसेंबर १९४३ मध्ये इटलीत, मोरो नावाच्या नदीच्या पलीकडे गेला. बावीस वर्षांचा होता. घरात याहून जास्त कुणी कधी बोललं नाही. माझा मुलगा चोवीसचा आहे, त्यामुळे बावीस वर्षांच्या त्या पोराला आजोबा म्हणायला माझी जीभ वळत नाही. मीही भाऊमामाच म्हणते.

रामबागेतला वाडा जानेवारीत पाडायचा ठरला, म्हणून इंदूरच्या मावशीचा फोन आला. मावशी म्हणजे आईची मामेबहीण, वय चौऱ्याऐंशी. "माळ्यावरच्या ट्रंका उघडायच्या आहेत. भाऊकाकाचंही काही निघेल. दोघी येऊन जा." आईने लगेच पिशवी भरायला घेतली. गुडघ्यांचं काय, थंडीचं काय, हे प्रश्न मी विचारले. उत्तर मिळालं नाही.

पुणे-इंदूर गाडी दुपारी निघते आणि वसई, सुरत, वडोदरा, रतलाम असा वळसा घालत सकाळी पोचवते. माझ्या पर्समध्ये एक कागद होता. दोन वर्षांपूर्वी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधताना भाऊमामा मला सापडला होता. सांग्रो नदीजवळच्या युद्ध दफनभूमीत एक अग्निसंस्कार स्मारक आहे. ज्या हिंदी सैनिकांचे देह पुरले नाहीत, अग्नीला दिले, अशा पाचशेहून अधिक जणांची नावं तिथे कोरली आहेत. त्यात तो आहे, वडिलांच्या नावासकट. तो कागद मी आईला दाखवला तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अगं, याचं नाव हे होतं होय?" तिला भाऊमामाचं खरं नाव माहीतच नव्हतं.

वडोदरा स्टेशन आलं तेव्हा मी जागी होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ व्या स्क्वाड्रनचं नाव 'बडोदा' होतं, विमानांना गायकवाडांचा पैसा होता म्हणून. त्याआधीच्या युद्धात ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी एक मोठं प्रवासी जहाज घेऊन त्याचं इस्पितळ केलं होतं. त्या जहाजाचं नाव 'लॉयल्टी', म्हणजे राजनिष्ठा. राजेलोकांनी पैसे दिले की विमानाला नाव, जहाजाला नाव. चहावाला ओरडत होता, खिडकीची काच वर जाईना, आणि शाल गुंडाळून मी हाच विचार करत बसले.

शुक्रवार, १५ डिसेंबर

स्टेशनवर मावशीचा नातू गाडी घेऊन आला होता. "आजी, तुम्ही पुढे बसून जा, पाय मोकळे राहतील." इंदूरच्या मराठीतलं हे 'बसून जा', 'थांबून जा' कानावर पडलं की आईचा चेहरा उजळतो. पुण्यात राहून तिने ते सोडलं, पण इथे दोन तासांत तीही 'चहा पिऊन जा गं' म्हणायला लागली.

आधी पोहे. इंदुरी पोहे वाफेवरचे, मऊ, वर शेव, कांदा आणि जीरावन, बाजूला जिलबी. पुणेकरांनी मनात तुलना सुरू करू नये. मी केली आणि हरले.

मावशी आता वाड्याच्या मागच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर राहते. वाडा खिडकीतून दिसतो. दार काढून नेलं आहे, तुळशीवृंदावन अजून आहे. ट्रंका आधीच इकडे आणून ठेवल्या होत्या. पहिलीत भरजरी शालू, जाळी पडलेला. दुसरीत हिशेबाच्या वह्या. तिसरीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, चौकटीसकट फोटो.

फोटो मी पूर्वी पाहिलेला नव्हता. तिरकी टोपी, पट्टा, हनुवटी जरा जास्तच वर. मिशी ठेवायचा प्रयत्न केलेला दिसतो, पण वयाने साथ दिलेली नाही. डाव्या खिशाची गुंडी लावायची राहिली आहे. मावशी म्हणाली, "ती गुंडी बघून आजी रडायची. म्हणायची, फोटो काढणाऱ्याने सांगायला नको होतं का?" आजी म्हणजे भाऊमामाची आई, माझी पणजी.

तार आली तेव्हा मावशी चार वर्षांची होती. तिला तार आठवत नाही. तिला आठवतं ते एवढंच की त्या दिवशी चूल पेटली नाही आणि शेजारच्या काकूंनी तिला दूधभात भरवला. मग कंपनी कमांडरचं पत्र आलं, इंग्रजीत. मावशीच्या वडिलांनी ते वाचून दाखवलं: मुलगा शूर होता, माणसं त्याच्यावर जीव टाकत, धर्माप्रमाणे अग्नी दिला. पणजीने विचारलं, "कुणी दिला?" त्याचं उत्तर पत्रात नव्हतं. तिने ठरवलं की मग तो गेलाच नाही.

अशा माणसांसाठी आपल्याकडे रीत आहे. बारा वर्षं वाट पाहायची, मग पळसाच्या पानांची आकृती करून तिला अग्नी द्यायचा. पणजीने १९५५ मध्ये ते करू दिलं नाही. शस्त्राने गेलेल्यांचं श्राद्ध पितृपक्षात चतुर्दशीला करतात, तेही नाही. नाव घ्यायचं नाही, कारण नाव घेतलं की मागे 'कैलासवासी' लावावं लागेल. म्हणून सगळ्यांनी भाऊ, भाऊकाका, भाऊमामा एवढंच म्हणायचं. आईला खरं नाव का माहीत नव्हतं, ते मला आत्ता कळलं.

पण गप्प बसायला एवढंच कारण नव्हतं. मावशीने ते दुपारी, सुपारी कातरता कातरता सांगितलं. तिचे वडील म्हणजे भाऊमामाचे थोरले भाऊ प्रजामंडळात, म्हणजे संस्थानातल्या स्वातंत्र्य चळवळीत, खादीवाले. ४२च्या ऑगस्टमध्ये चले जाव सुरू झालं आणि त्याच सुमारास धाकटा भाऊ महूला इंग्रजाचा ऑफिसर व्हायला गेला. दोघांत बोलणं बंद झालं, ते शेवटपर्यंत. "आणि मग सत्तेचाळीस आलं," मावशी म्हणाली. "बाबांना ताम्रपट मिळाला, हार मिळाले. काकाचा फोटो भिंतीवर कुठे लावायचा? बाबांच्या शेजारी? लोकांना काय सांगायचं?" फोटो ट्रंकेत गेला.

मला यात कुणाला दोष द्यावा असं वाटत नाही. १९३९ साली हिंदी सैन्यात लढाऊ शाखांत हिंदी अधिकारी चारशेच्या आसपास होते, आणि युद्ध संपलं तेव्हा आठ हजारांवर. स्वतंत्र हिंदुस्थानची फौज पुढे याच पोरांनी चालवली. भाऊमामा वाचता तर कर्नल होऊन पेन्शनीत गेला असता आणि रामबागेत सकाळी फिरायला जाताना लोकांनी त्याला नमस्कार घातला असता. युद्धात मेला आणि तेही चुकीच्या वर्षी, म्हणून ट्रंकेत गेला.

चहा झाल्यावर मी माझा कागद काढला आणि जे वाचलं होतं ते सांगायला लागले. नोव्हेंबर १९४३ मध्ये आठवी हिंदी डिव्हिजन सांग्रो नदी ओलांडत होती तेव्हा पावसाने नदी फुगली होती. पुढे डिसेंबरात मोरो. तिथे आपल्या बाजूचा रस्ता काठावर येताना असा काटकोनात वळला होता की लोखंडी बेली पूल जुळवून पुढे सरकवायला जागाच नव्हती. तेव्हा बंगाल सॅपर्सच्या, म्हणजे पूल-रस्ते बांधणाऱ्या पलटणीच्या, माणसांनी पुलाचं सगळं सामान ओढ्यातून पलीकडे, जर्मनांच्या बाजूला नेलं आणि पूल तिकडून इकडे, उलटा बांधला. त्याचं नावच पडलं 'इम्पॉसिबल ब्रिज'. भाऊमामाची पलटण त्याच ब्रिगेडमध्ये.

"उलटा कसा बांधतात गं पूल?" मावशीने विचारलं. मग आम्ही तीन बायका टेबलावर काडेपेट्या मांडून बसलो. दोन ताटं म्हणजे दोन काठ, मधे पदराची नदी. मावशीला कळेपर्यंत तिने सोडलं नाही. कळल्यावर म्हणाली, "म्हणजे परत यायचा रस्ता आधी बांधला," आणि काडेपेट्या गोळा करून स्वयंपाकघरात गेली.

संध्याकाळी राजवाड्याकडे. सात मजली, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. तीनदा जळाला आणि तीनदा उभा राहिला. तिथून कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे होळकरांची समाधिस्मारकं, जवळच. छत्रीत बसल्यावर आईला एक गोष्ट सुचली ती मला पुस्तकातही सापडली नसती. ती म्हणाली, "होळकरांनी माणूस जिथे पडला तिथेच छत्री बांधली, नाही का?" खरंच आहे. अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून गेले, ऐन तारुण्यात. त्यांची छत्री तिकडे, भरतपूरच्या मुलखात. मल्हारराव आलमपूरला वारले, त्यांची छत्री आलमपूरला. इंदूरहून कुणी रोज तिथे फूल वाहायला जात नव्हतं. "मग सांग्रोला आपल्या भाऊची छत्री आहे असं समजायचं," आई म्हणाली.

रात्री सराफ्यात गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाल्ला. गरम, कुरकुरीत, वर मसाला आणि लिंबू. तो हिवाळ्यातच मिळतो, तेवढं इंदूरच्या डिसेंबरचं भाग्य. आईने दोन प्लेटी संपवल्या. त्याबद्दल काही लिहू नकोस म्हणाली होती.

शनिवार, १६ डिसेंबर

महू इंदूरहून तासाभराच्या आत. सोबत मावशीच्या ओळखीचे निवृत्त सुभेदारसाहेब होते, मूळचे सातारा जिल्ह्यातले, नोकरीच्या शेवटी महूत आले आणि इथेच घर बांधलं. बायकोच्या हातची भाकरी आणि महूची हवा या दोन गोष्टी सोडून कुठे जायचं, असं त्यांचं म्हणणं.

'मिलिटरी हेडक्वार्टर्स ऑफ वॉर' या शब्दांची पहिली अक्षरं घेऊन महू झालं, असं आमच्या ड्रायव्हरने मोठ्या अभिमानाने सांगितलं. सुभेदारसाहेब हसले. ही मागाहून जुळवलेली गोष्ट. गावाचं नाव छावणीच्या आधीचं. छावणी आली ती होळकरांच्या पराभवातून. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरची लढाई हरली, ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह झाला आणि इंग्रजांच्या माल्कमसाहेबाने इथे फौज बसवली. या दोन तारखांच्या मध्ये १ जानेवारी १८१८ येते, कोरेगाव भीमाची लढाई. पेशवे आणि होळकर एकाच पंधरवड्यात इंग्रजांशी लढत होते, ही गोष्ट मला पुण्यात राहून इतकी वर्षं एकत्र दिसली नव्हती.

छावणी स्वच्छ, झाडांची, चुन्याने रंगवलेल्या दगडांची. इन्फंट्री स्कूल बाहेरूनच पाहिलं. परवानगीवाचून आत सोडत नाहीत आणि सोडूही नये. आईला मात्र गेटशी गाडी थांबवून हवी होती. पहाऱ्यावरचा जवान पुढे आला. सुभेदारसाहेब त्याच्याशी बोलले, त्याने खिडकीतून आईकडे पाहिलं आणि म्हणाला, "माताजी, दो मिनट." आई दोन मिनिटं रस्त्याकडे बघत राहिली. एक पलटण धावून परत येत होती, घामाने भिजलेली, वीस-बावीस वर्षांची पोरं. "असाच असेल," एवढंच ती म्हणाली.

मग जुनं चर्च. बंद होतं. खिडकीच्या काचेतून भिंतीवरच्या संगमरवरी पाट्या दिसल्या, अक्षरं नाही दिसली. पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानातल्या छावण्यांत गेलेल्या आणि जागच्या जागी कबर सांभाळणं शक्य नव्हतं अशा १८०० हून अधिक गोऱ्या सैनिकांची नावं पुण्याजवळ खडकीच्या स्मारकावर एकत्र कोरली आहेत. माझ्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटं. मी तिथे एकदा गेले आहे. लँकेशायरच्या कुठल्या तरी पोराचं नाव खडकीत आणि रामबागेच्या पोराचं नाव आद्रिआतिक समुद्राकाठी.

टपरीवर चहा घेताना मी सुभेदारसाहेबांना विचारलं, "पलटणीत ऑफिसर गेला आणि शिपाई गेला, तर फरक करतात का?"

"आता नाही करत," ते म्हणाले. "दोघांची पेटी सारखीच येते, तिरंगाही सारखाच." मग थांबून म्हणाले, "आमच्याकडे नाव नंतर विचारतात, आधी नंबर." त्यांना स्वतःचा मोबाइल नंबर आठवेना, नातवाला फोन करून विचारावा लागला. पण आर्मी नंबर त्यांनी एका दमात म्हणून दाखवला, निवृत्तीला अठ्ठावीस वर्षं झाली तरी.

नंबरावरून मला बसरा आठवलं. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, आपली माणसं केवढी गेली. तिथल्या स्मारकाच्या भिंतींवर चाळीस हजारांवर लोकांची नोंद आहे. गोऱ्यांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली आकडा आहे: अमुक पलटण, इतके. कुतच्या वेढ्यात तीन मराठा पलटणी होत्या, १४७ दिवस. घोड्याचं मांस खाऊन राहिलेली माणसं, आणि त्यांच्या नावाच्या जागी नुसती संख्या. २०२१ मध्ये त्याच वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने चौकशी करून कबूल केलं की पहिल्या महायुद्धातल्या पंचेचाळीस ते चोपन्न हजार हिंदी, आफ्रिकी आणि इतर सैनिकांचं स्मरण गोऱ्यांच्या बरोबरीने झालं नाही, आणि निदान एक लाख सोळा हजारांचं नावाने झालंच नाही. माफीही मागितली. दुसऱ्या युद्धापर्यंत हा प्रकार थांबला होता. सांग्रोच्या दगडावर लेफ्टनंट आणि शिपाई शेजारी शेजारी आहेत.

"आणि कोरेगावला?" सुभेदारसाहेबांनी विचारलं. मी वर पाहिलं. बरोबर होतं त्यांचं. कोरेगावच्या स्तंभावर कंपनी सरकारने पडलेल्या शिपायांची नावं कोरली आहेत. एकोणपन्नास, त्यातली बावीस 'नाक' अशी संपणारी, म्हणजे महार शिपायांची. १८१८ च्या लढाईचे शिपाई नावाने, आणि शंभर वर्षांनी बसऱ्यात शिपाई आकड्याने. सुधारणा पुढे जाते असं आपण धरून चालतो.

तिथून काली पलटनला गेलो. हा देशी शिपायांच्या वस्तीचा भाग, आणि इथेच १४ एप्रिल १८९१ ला बाबासाहेबांचा जन्म झाला. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार, लष्करी शाळेचे मास्तर. आता तिथे मोठं पांढरं स्मारक आहे आणि गावाचं अधिकृत नावही डॉ. आंबेडकर नगर. आत शांत होतं, औरंगाबादकडून बस भरून आलेल्या बायका हळू आवाजात बोलत होत्या. ज्या फौजेच्या चाळीत बाबासाहेब जन्मले तिनेच पुढच्या काही वर्षांत महारांची भरती बंद केली. १९१७ मध्ये माणसं कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली, १९२१ मध्ये मोडली. १९४१ मध्ये पुन्हा गरज लागली तेव्हा बेळगावात महार रेजिमेंट. सुभेदारसाहेबांचे आजोबा या मधल्या पलटणीत होते. "त्यांचं नाव कुठे आहे?" मी विचारलं. "घरात," ते म्हणाले. "आजीच्या हातावर गोंदलेलं होतं."

परतताना त्यांनी एक सांगितलं ते माझ्या डोक्यात राहिलं. भाऊमामाच्या पलटणीतल्याच नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ ला, सेनियो नदीवर, व्हिक्टोरिया क्रॉस मिळण्याजोगी कामगिरी केली तेव्हा हुद्दा होता शिपायाचा, आणि ते वाचले. यशवंत घाडगे नाईक, १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात एकट्याने मशीनगनवर धावले, तिथेच पडले, वय बावीस. माणगावात त्यांचा पुतळा आहे. "तुमचे मामा काय करताना गेले, ठाऊक आहे?" मी नाही म्हटलं. "ठीक आहे," ते म्हणाले, "बहुतेक जण काहीच करताना जात नाहीत. बसलेले असतात, गोळा येतो." कुणी मला इतकं खरं आजवर सांगितलं नव्हतं. आईला ते ऐकू आलं की नाही, मी विचारलं नाही.

रविवार, १७ डिसेंबर

पाताळपाणीचा धबधबा आणि कालाकुंडची छोटी गाडी असा बेत होता. आईचे गुडघे सुजले, बेत रद्द. कालाकुंडचा कलाकंद मावशीच्या नातवाने कुणाकडून तरी मागवला, तो पळसाच्या पानात आला. पान बघून मावशी आणि आई एकदमच गप्प झाल्या. मग मावशी म्हणाली, "खा गं, गोड आहे," आणि खाल्ला.

दुपारी भांड्यांची ट्रंक उघडली. ही सगळ्यात जड, म्हणून मागे राहिली होती. तपेली, पराती, सतेली, एक घंगाळ. प्रत्येक भांड्यावर नाव. आपल्याकडे माणसाचं नाव दगडावर नसेल, भांड्यावर असतं. लग्नात आलेलं, बारशाला आलेलं, हरवू नये म्हणून घातलेलं. मावशी एकेक भांडं खिडकीशी नेऊन वाचत होती: ही आजीच्या माहेरची, ही कुणाची देव जाणे.

तळाशी एक पितळी फुलपात्र. हिरवं झालेलं, काठाला एक पोचा. आईने ते चिंचेने घासलं, मग राखेने. ठोकणीने ठिपके पाडून घातलेली अक्षरं हळूहळू वर आली. आधी 'चि.', मग संपूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आणि खाली 'मुंजीप्रीत्यर्थ, शके १८५१'. म्हणजे १९२९, आठव्या वर्षी मुंज. ज्याने ठिपके पाडले त्याचा हात आडनावापाशी येईपर्यंत थकला असावा. तिथे अक्षरं लहान होत गेली आहेत आणि शेवटचं अक्षर काठाच्या वळणावर चढलं आहे.

मी माझा कागद आणला आणि शेजारी ठेवला. एकच नाव. इटलीत दगडावर रोमन लिपीत, इथे पितळेवर देवनागरीत.

मावशीने ते नाव मोठ्याने वाचलं. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई पहिलीतल्या मुलीसारखी अक्षरावर बोट ठेवून वाचत होती. वाचून झाल्यावर मला म्हणाली, "तू हे सगळं कुठे तरी लिहिशील, मला माहीत आहे. नाव घालू नकोस. आजीला आवडलं नसतं." म्हणून इथे नाही.

सोमवार, १८ डिसेंबर

चंपाषष्ठी. खंडोबाचा दिवस, म्हणजे होळकरांच्या गावात आणि आमच्याही घरात भरीत-भाकरीचा दिवस. गॅसवर वांगी भाजायचा वास जिन्यापर्यंत गेला आणि वरच्या मजल्यावरच्या काकू डबा घेऊनच खाली आल्या.

श्राद्धाचा विषय आईने काल रात्री काढला होता. गुरुजींना फोनवर विचारलं. ते म्हणाले, चतुर्दशी भाद्रपदात, आता मार्गशीर्ष. पण करायचं मनात असेल तर तीर्थावर केव्हाही करता येतं. उज्जैन जवळच आहे. आई तयार होती. मावशीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आजीने ऐंशी वर्षं त्याला जिवंत ठेवलं." पणजी जाऊनच पन्नास वर्षं झाली, पण हिशेब कुणी दुरुस्त केला नाही. उज्जैनचा विषय तिथेच संपला.

देवापुढे नैवेद्य दाखवला, तळी भरली. मावशीने 'येळकोट येळकोट' म्हटलं, आईने आणि मी 'जय मल्हार'. नैवेद्याभोवती पाणी फिरवायला तिने फुलपात्र घेतलं. जेवायला बसताना एक पान जास्त वाढलं गेलं, ते चुकून की मुद्दाम, हे मी विचारलं नाही. नातू उशिरा आला आणि त्या पानावर बसून जेवला.

फोटोला भिंतीवर जागा सापडली. मावशीच्या वडिलांचा ताम्रपट बैठकीत आहे, त्याच्या समोरच्या भिंतीवर. शेजारी नाही. "समोरासमोर असू देत," मावशी म्हणाली, "बोलायचं असेल तर बोलतील."

फुलपात्र कुणी ठेवायचं यावर मात्र बरीच ओढाताण झाली. मावशी म्हणे, तुझ्या आईने घासलं, तिचं. आई म्हणे, वाड्यातलं भांडं वाड्याच्या माणसाकडे राहावं. शेवटी मावशीनेच ते जीरावनच्या दोन पुड्यांसोबत आमच्या पिशवीत कोंबलं आणि वर शेवेचं पाकीट ठेवून दिलं, म्हणजे काढायला नको.

गाडी वेळेवर सुटली. देवास गेलं, उज्जैन गेलं. आईला तहान लागली. प्लास्टिकच्या बाटलीतून, चालत्या गाडीत, वरून प्यायला तिला जमत नाही, अंगावर सांडतं. पिशवीत हात घालून मी शेवेचं पाकीट बाजूला केलं. तिने फुलपात्र दोन्ही हातांनी धरलं, अक्षरांवर अंगठा ठेवून, आणि मी पाणी ओतलं. समोरच्या बर्थवरच्या मुलाने विचारलं, "आजी, हे तांब्याचं आहे का?"

"पितळेचं," आई म्हणाली. "मामाचं आहे माझ्या."